खोक्यासकट वजन

मित्रांनो, सेनगावच्या बसस्टँडजवळ एका बंद दुकानात खिळ्याला लटकलेला मी एक जुना वजनकाटा आहे. माझी स्प्रिंग आता गंजली आहे. एके काळी मात्र वसमतच्या बाजारात मी हळद तोलायचो आणि माझ्या खरेपणाचे व्यापारी कौतुक करायचे.

२००७ साली दिपक नावाच्या तरुणाने मला इथे, आपल्या इंटरनेटच्या दुकानात आणले. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बायकांचे भरतकाम तो संगणकावरून परदेशी विकायचा. रुमाल, बटवे मी तोलायचो आणि त्यावरून तो टपालखर्च काढायचा. हलक्या पाकिटांत कधी काही चुकले नाही.

एके दिवशी त्याची मावशी भिकाबाई एक घागरा विकायला घेऊन आली. आरसे, कवड्या जडवलेला तो घागरा तिच्या दिवंगत आईने शिवला होता. लेक निलमला नर्सिंगला घालायचे, म्हणून भिकाबाईने काळजावर दगड ठेवला होता.

"बराबर मोज रं दिपक. मायच्या हातचं हाये."

माझा काटा तीन किलोवर थांबला. तेवढ्यावर भाडे काढून दिपकने जर्मनीतल्या एका गिऱ्हाईक बाईला एकूण किंमत कळवली. तिने लगेच पैसे पाठवले.

आरसे फुटू नयेत म्हणून त्याने घागरा संगणकाच्या भल्यामोठ्या खोक्यात, कागदाचे बोळे कोंबून बांधला. ते खोके कोणी मला लावलेच नाही. दुसऱ्या दिवशी दिपक नांदेडहून उतरल्या तोंडाने परतला.

"मावशी, कुरिअरवाल्यानं खोकं टेपानं मोजलं. विमानात जागेचे पैसे लागतेत म्हने. तिप्पट भाडं झालं."

भिकाबाईने दोन शेळ्या विकल्या. पार्सल गेले.

दोन महिन्यांनी कुरिअरवाल्याचा निरोप आला. तिकडच्या सरकारने त्या बाईकडे दारात कर मागितला होता. हे आधी सांगितले नव्हते म्हणत तिने पार्सल नाकारले. तिचे पैसे परत करावे लागले. घागरा परत आणायचे भाडे तर त्याच्या किमतीहून जास्त होते. नाही भरले, तर माल नष्ट करणार होते.

"नष्ट म्हंजे काय रं?"

"जाळून टाकतेत, मावशी."

भिकाबाईने माझ्याकडे पाहिले.

"येवढी जड झाली का रं माझी माय?"

मग तिने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. त्या वर्षी निलम कॉलेजात गेली नाही, ऊसतोडीला गेली. दिपकने दुकान बंद केले.

मित्रांनो, मी तीन किलो सांगितले ते खोटे नव्हते, पण ते नुसत्या घागऱ्याचे होते. परमुलखात काही पाठवाल तेव्हा बांधलेले पार्सल तोला, खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजा. तिकडे कर किती आणि तो कोण भरणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. परत आणायला किती लागेल, तेही विचारा. आणि ते परवडणार नसेल, तर खोके बांधण्याआधी ती वस्तू घरातल्या लेकरांसमोर एकदा पूर्ण उलगडा. निलमने तो घागरा कधी अंगाला लावूनही पाहिला नव्हता.