गालावरची तीट

वडगावच्या त्या गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट आधी पायांना कळतो, कानांना नंतर. दोन यंत्रमागांच्या मधल्या हातभर वाटेत रेणुका उभी असते. शेकडो धाग्यांतला एखादा तुटला की ती मान न वळवता हात पुढे करते. पौषातलं कोवळं ऊन कौलांवरून सरकावं तसं तिचं बोट ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून सरकतं आणि नेमकं तुटलेल्या जागी थांबतं. ते बोट मी तीन वर्षं ओळखतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र ओळखलं नाही, आणि त्याचीच लाज वाटते.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासनीस आहे. ओतीव लोखंडी कास्टिंगवरची बारीक भोकं, चिरा, खड्डे शोधायचे आणि खडूनं खूण करायची, हे माझं चोवीस वर्षांचं काम. फोटो काढणं हा रविवारचा नाद. तो माहीत असलेल्या, इस्पितळातल्या एका सिस्टरांनी मला विचारलं, जन्मताच किंवा जन्माआधीच गेलेल्या बाळांचे फोटो त्यांच्या आईबापांसाठी काढून द्याल का? घरची माणसं अशा बाळाला घाईनं नेतात, आईला धड बघूही देत नाहीत. निदान एक चेहरा तिच्यापाशी राहावा. मी हो म्हणालो आणि स्वतःपुरते दोन नियम केले. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि आपल्यापाशी काही ठेवायचं नाही. निवडलेले सहा फोटो छापून झाले की बाकी सगळं त्याच दिवशी पुसून टाकायचं. दुसऱ्याचं दुःख माझ्या कपाटात कशाला?

मी फोटो काढलेल्या बाळांत रेणुकाची मुलगी एकतिसावी. वजन एक किलो आठशे चाळीस ग्रॅम. सकाळचे साडेआठ वाजले होते. बाहेर धुकं होतं, आणि खिडकीच्या काचेतून गाळून आलेला उजेड इतका मऊ होता की इस्पितळाच्या त्या खोलीत कशाचीच सावली पडत नव्हती. बाळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवलेलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून सारख्या म्हणत होत्या, "बघू नगं गं, जीव गुततोय." रेणुका बघत होती. बघता बघता तिनं हात वर नेला आणि बोट स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावलं. मला वाटलं, पाणी टिपते आहे. अशा वेळी टक लावून बघणं बरं नव्हे, म्हणून मी मान खाली घातली आणि कॅमेऱ्यावरचे आकडे बघत राहिलो. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिचा हात मांडीवर होता. मी चौदा फोटो काढले.

घरी संगणकावर बाळाच्या डाव्या गालावर एक डाग दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा, राखट, एका बाजूला ओघळलेला. कुठं सुकलेलं रक्त असतं, कुठं मळ. असे डाग मी आधीच्या बाळांचेही काढत आलो होतो. हाही काढला, सहाही फोटोंतून. गाल इतका नितळ झाला की मला माझंच कौतुक वाटलं. हे लिहिताना कान तापतात.

नवव्या दिवशी पाकीट घेऊन मी वडगावला गेलो. माग बंद होते, आणि ज्या घराला आवाजाचीच सवय त्या घरातली शांतता अंगावर येत होती. रेणुकाचे डोळे कोरडे होते, काजळावाचून उघडे वाटत होते. साडीचा पदर तपासावा तसा तिनं एकेक फोटो उजेडाकडे धरला. सहावा झाल्यावर पुन्हा पहिला घेतला.

"अण्णा, तीट कुठाय?"

"कसली तीट?"

"म्या लावलेली. माझ्या डोळ्यातलं काजळ घिऊन. तुमी हुतासा की तितं."

परशराम, तिचा नवरा, मध्ये पडला. "डाग वाटला आसंल गं त्यास्नी. बघ की, किती ग्वाड दिसालीय."

"तुमी गप बसा. तुमास्नी मागावरचा तुटका धागा दिसत न्हाय, ह्यातलं काय दिसणार?"

परशराम हसला, पण ते हसू ओठांवरच विरलं. तो टोमणा नवऱ्याला मारलेला असला तरी वर्षानुवर्षं खोट शोधणारा तपासनीस मी होतो.

मी म्हणालो, "माझी चूक झाली. हेच फोटो नेतो, संगणकावर होती तिथंच परत लावून आणतो."

"तीट आसलेला पयला फोटू हाय व्हय?"

"पुसला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तीट आईनं लावायची आसती, अण्णा. तेवढंच एक केल्तं म्या तिचं."

मी उंबऱ्यापाशी उभाच राहिलो. निघून गेलेल्या लेकराला आता कुणाची दृष्ट लागणार होती, हा हिशेबी विचार माझ्या मनात आला आणि आल्याबरोबर मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेणुका उठली. फळीवरची काजळाची डबी काढून तिनं नऊ दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांत काजळ घातलं. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बोटावर घेतलं आणि फोटोतल्या गालावर टेकवलं. गुळगुळीत कागदावर ते ठरेना. थोडं पसरलं. तिनं तसंच राहू दिलं.

तो फोटो आता मागाशेजारच्या कोनाड्यात असतो. दिवसभर उडणारी तंतूंची धूळ त्याच्यावर बसते. रोज सकाळी ती पदरानं धूळ पुसते, धुळीबरोबर तीटही जाते, आणि माग चालू करण्याआधी ती नवी लावते. सिस्टर म्हणतात, बघा, तिला रोज तीट लावायला मिळते, त्यातून चांगलंच झालं. मी तसं म्हणत नाही. तिला जे रोज करावं लागतं ते माझ्या हातून झालेल्या नासाडीमुळे करावं लागतं.

अजून बोलावतात तेव्हा जातो. आता काहीच पुसत नाही. आईला विचारतो, आणि तिचं बोट हलेल तेव्हा मान खाली घालत नाही. पण रेणुकाच्या आधीची तीस बाळं आहेत. किती गालांवरचे डाग खरोखर डाग होते, हे मला मोजता येणार नाही. माझ्या नियमानं मीच ते पुसून टाकलं. पहाटे जाग येते तेव्हा ते तीस गाल समोर येतात, स्वच्छ, एकसारखे, आणि त्यांच्यावर कुठं कुणाचं बोट टेकलं होतं हे विचारायला कुणाचं दार ठोठावावं तेही कळत नाही, कारण नावंपत्तेही मी ठेवले नाहीत.