उजव्या हाताचा अंदाज

पहिला मांडा हातांवर पसरता पसरताच फाटला आणि पुरण द्रौपदाबाईंच्या लुगड्यावर सांडलं.

"माय, बस कर आत्ते. मी बजारमाईन लई येस," रोशनी म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक फैजपूरहून धुळ्याला माहेरी आली होती.

"बजारना मांडा तुन्हा सासरले खाय. मन्हा घर आखाजीले खापर तापसच."

द्रौपदाबाईंना पौषात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, वाचा परतली. उजवा हातही हलत होता, फक्त त्याला कळत काहीच नव्हतं. गार-गरम, जड-हलकं, सगळं सारखंच. गल्लीतल्या निम्म्या लग्नांचे मांडे केलेली ही बाई; मांडे म्हणजे त्यांच्या हातचा मळ. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं होतं, "मेंदू आधीच अंदाज बांधतो, आता हातावर एवढं वजन पडेल म्हणून. मग हात कळवतो, खरंच पडलं का. चुकलं तर मेंदू अंदाज सुधारतो. तुमच्या उजव्या हाताकडून तो निरोपच येत नाही. म्हणून प्रत्येक काम डोळ्यांनी बघून करा. आणि विस्तवाजवळ जाऊ नका."

पहिलं त्यांनी ऐकलं, दुसरं सोडून दिलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

पण डोळे रोखून केलेला दुसरा मांडाही फाटला. आता त्यांना राग आला तो हाताचा नव्हे, बघण्याचा. बघून हात हलवेपर्यंत कणीक लोंबायची. जन्मात कधी मांड्याकडे बघितलं नव्हतं. गप्पा मारता मारता मांडे व्हायचे.

"रोशनी, तुन्ही सासू कशी शे? सांग."

"आत्ते? ह्या टाईमले?"

"सांग म्हंतस ना."

रोशनी सांगू लागली. सासू बोलते कमी, पण जेवायला सुनेची वाट बघते. द्रौपदाबाई लेकीच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. मांडा डाव्या हातावर पडला, ते कळलं. उजव्यावर गेला तेव्हा अंधारात ओळखीच्या पायरीवर पाय टाकावा तसा त्यांनी नुसत्या अंदाजानं हात उचलला. पुन्हा डाव्यावर वजन आलं. म्हणजे उजव्यानं नीट टाकला होता. डावा कळवत राहिला, उजवा अंदाजानं फिरत राहिला, आणि मांडा पसरत कोपरापर्यंत आला. त्यांनी तो अलगद खापरावर घातला. कुठंही फाटला नाही.

"सासू चांगली दिसस," त्या म्हणाल्या.

रोशनीनं आईचं उजवं मनगट धरून झटक्यात मागे ओढलं. बोटं तापल्या खापराच्या कडेला टेकून राहिली होती. लाल झालेली ती बोटं पाण्यात बुडवताना तिला रडू फुटलं.

"दुखस नही का, माय?"

"नही."

द्रौपदाबाईंनी बोटांकडे बघितलं. एवढं भाजलं तरी आपला हात आपल्याला सांगत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांची नजर खापरावर गेली. मांड्याला डाग पडू लागले होते.

"रडू नको. हाऊ उलटाव, करपी जाई."

रोशनीनं डोळे पुसत मांडा उलटला. द्रौपदाबाईंनी ओला हात पदराला टिपला आणि पुरणाच्या पुढच्या गोळ्यासाठी दोन्ही हात लेकीपुढे धरले.

"गोया दे."