सात नंबरवरचा ठपका

अकोल्यातील एका टंकलेखन संस्थेत मार्च ते जून या काळात संगणकाच्या लोखंडी टेबलावर मनगट टेकले की विद्यार्थ्यांना झिणझिण्या येत. संस्थाचालकांना येत नसत. जुलै ते फेब्रुवारी या काळात कोणालाच येत नसत.

मित्रांनो, मी त्या संस्थेतला सात नंबरचा जुना संगणक आहे. माझा पत्रा काळा आहे, माझी जागा मागच्या अंगणाच्या खिडकीशी आहे आणि या झिणझिण्यांचा ठपका दोन वर्षे माझ्यावर होता. मी संतापलेलो आहे. मात्र संतापात तपशील चुकू नयेत, म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी एकाच कंपनीचे आम्ही बारा काळे संगणक येथे आलो. आम्ही येण्याच्या आदल्या दिवशी मोतीराम नावाच्या वायरमनने अंगणात खड्डा खणला, त्यात लोखंडी नळ उभा केला, भोवती मीठ व कोळसा भरला आणि नळाला जोडलेली तार आत आणली. संस्थाचालक महादेवराव त्या वेळी समोर पाटी लावून घेत होते. म्हणून मोतीरामने झाडलोट करणाऱ्या मैनाबाईंना सांगितले, "बाई, उनाळ्यात रोज एक बादली पाणी या खड्ड्यात. इसरू नोका."

मैनाबाईंनी आठ उन्हाळे रोज एक बादली पाणी घातले. त्या आठ वर्षांत माझ्या कळांवर शेकडो मुलामुलींची बोटे सरावली. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचे फूल ठेवले जाई. टेबलाबद्दल एकही तक्रार नव्हती. हा आकडा लक्षात ठेवा.

नवव्या उन्हाळ्यात शहरात नळाचे पाणी दर पाचव्या दिवशी येऊ लागले. त्याच उन्हाळ्यात महादेवरावांनी मोठा कूलर आणला. कूलर पाणी फार पितो. एका दुपारी त्यांनी मैनाबाईंना अंगणात पाहिले.

"अवं मैनाबाई, त्या खड्ड्यात काय देव हाय काय, रोज आंघोळ घालून राहिली त्याले?"

"वायरमन सांगून गेला व्हता सर."

"तो गेला न आता? मंग? ती बादली कूलरमंदी टाक. इथं पोट्टे उकडून राहिले."

महादेवराव पदवीधर आहेत आणि अंधश्रद्धा मानत नाहीत.

पंधरा दिवसांत पहिली तक्रार आली. महादेवराव स्वतः तपासायला आले, टेबलावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मले तं काईच नाई लागत." त्यांच्या पायांत चप्पल होती. विद्यार्थ्यांच्या पायांत नव्हती, कारण दारावर पाटी आहे: चपला बाहेर काढाव्यात. धुळीने आमचे नुकसान होऊ नये, म्हणून ती लावली आहे. तपासणाऱ्याने चप्पल काढून तपासावे, असे कोणाला सुचले नाही.

निष्कर्ष निघाला की काळी कंपनी खराब आहे. जुलैत दहा काळे संगणक गेले आणि दुसऱ्या कंपनीचे दहा पांढरे आले. सात आणि आठ नंबर तेवढे उरले. पाऊस सुरू होता, झिणझिण्या थांबल्या. महादेवराव भेटेल त्याला सांगू लागले, "पांढरी कंपनी घ्या बाप्पा, काळीच्या नादी नोका लागू." पावसाचे श्रेय कंपनीला मिळाले.

पुढच्या मार्चमध्ये झिणझिण्या परत आल्या. पांढऱ्यांवर संशय घ्यायचा तर आपलीच निवड चुकली म्हणावे लागले असते. म्हणून असे ठरले की उरलेले दोन काळे बाकीच्यांत करंट सोडतात. आठ नंबर भंगारात गेला. झिणझिण्या कमी झाल्या नाहीत. आठ नंबर निर्दोष होता, आणि हे त्याला सांगायलाही कोणी भंगारवाल्याकडे गेले नाही. मी राहिलो, कारण माझी जागा भरायला दुसरा संगणक नव्हता.

यंदाच्या मे महिन्यात पायल माझ्यासमोर बसत होती. तिचे वडील एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी तिला नेमणूक मिळाली, पण अट अशी की मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. मिनिटाला तीस शब्द. मुदतीतली ही शेवटची परीक्षा होती आणि तिला नऊ दिवस उरले होते. घरी संगणक नव्हता. फेब्रुवारीत तिची गती चौतीस होती. आता ती मनगटे अधांतरी धरून टंकत होती आणि गती पंचवीसवर आली होती.

"नखरे नोको करू पायल," महादेवराव म्हणाले. "तुह्या अंगातच करंट हाय."

"मंग मले परीक्षेऐवजी खांबावर चढवा सर," ती म्हणाली. मान वर न करता.

त्याच दिवशी गजेंद्र नावाचा विक्रेता आला. काळ्या कंपनीचा नवा संगणक त्याने माझ्या शेजारी, आठ नंबरच्या रिकाम्या जागी जोडला. पांढरे सगळे काढा, पुन्हा काळे घ्या, असे त्याचे म्हणणे होते. बदल करायला संस्था बारा दिवस बंद ठेवावी लागणार होती. महादेवराव "हो" म्हणायच्या बेतात होते.

"बारा दिवस?" पायल उभी राहिली. "सर, माही परीक्षा नवव्या दिवशी हाय."

"अवं, करंट लागते म्हणून तूच तं रडून राहिली व्हती!"

पायलने अनवाणी पायांनी दोन पावले टाकली आणि नव्या संगणकाच्या पत्र्याला बोट लावून झटकन मागे घेतले.

"यालेबी लागते."

"काईतरीच काय ताई," गजेंद्रने पत्र्यावर पंजा ठेवला. "हे पाहा. कुठं लागते?"

"तुमी बूट काढा न दादा."

त्याने हसत बूट काढले, मोजे काढले आणि पंजा ठेवला. "अबे!" तो ओरडला आणि पाठीमागच्या खुर्चीसकट खाली बसला. सगळी खोली हसली. महादेवराव हसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि तीन उन्हाळ्यांत प्रथमच अनवाणी उभे राहून माझ्या पत्र्याला हात लावला. हात लगेच मागे गेला.

दाराशी मैनाबाई फडके पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, खड्ड्यात पाणी नाई टाकलं न तीन उनाळ्यांपासून."

या वेळी कोणी देवाची चौकशी केली नाही. मैनाबाईंनी कूलरच्या टाकीतून तीन बादल्या काढल्या आणि नळाभोवती ओतल्या. मी खिडकीतून पाहत होतो. जमिनीला पडलेल्या भेगांनी पाणी गटागटा आत घेतले. अर्ध्या तासाने पायलने मनगटे टेबलावर टेकवली, मग नव्या काळ्यावर बोट ठेवले, मग दोन पांढऱ्यांवर. कुठेच काही लागले नाही. तिने उतारा लावला. पहिल्या प्रयत्नात एकोणतीस, तिसऱ्यात तेहतीस.

नव्या संगणकांची मागणी लिहिलेला कागद गजेंद्रने घडी करून खिशात ठेवला. संस्था चालू राहिली. नवव्या दिवशी पायल परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

मित्रांनो, कंपनी बदलण्यास माझा विरोध नाही. जरूर बदला, पण जे तपासलेच नाही, त्याची शिक्षा यंत्राला देऊ नका, आणि ज्या बाईला माहीत आहे तिला विचारण्याआधी स्वतःला सुशिक्षित म्हणवू नका.

झिणझिण्यांचे कारण असे. आमच्या प्रत्येकाच्या पत्र्यावर विजेचा अल्पसा अंश येतो आणि तेथून लोखंडी टेबलात उतरतो. काळ्याच्या, पांढऱ्याच्या, सर्वांच्या. प्लगची तिसरी पिन तो अंश तारेने जमिनीतल्या नळापर्यंत नेते. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते आणि नळाला सोडते. ओली झाली की फुगून त्याला धरते. उन्हाळ्यातली रोजची बादली बंद झाली, मातीने नळ सोडला, आणि सगळ्या यंत्रांचा तो अंश एकत्र होऊन अनवाणी बसलेल्या विद्यार्थ्यांच्या मनगटांतून जमिनीत जाऊ लागला. पावसाळ्यात माती आपोआप ओली होई आणि ती ओल फेब्रुवारीपर्यंत टिके, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. कंपनीचा संबंध नव्हता.