तिसऱ्या फेरीचं मीठ

जर्मनीतल्या वेस्टरवाल्डच्या एका गावात भट्टी लेओनार्ड कुंभाराची, पण शेजारची विधवा ओटिलिया आपण घडवलेले कोबी खारवायचे रांजण त्याच भट्टीत लावायची. तिचे रांजण नेहमी मागच्या कोपऱ्यात असत.

त्या शनिवारी लेओनार्डच्या मुलीचं लग्न होतं, आणि भट्टी पेटून दोन दिवस झाले होते. आत पांढरा जाळ झाला, तेव्हा त्याने माथ्यावरच्या भोकांतून मीठ टाकलं. मीठ आत पडताच तडतडतं, त्याची वाफ होते आणि ती तापलेल्या मातीला धरून तिच्यावर काचेचा थर बनते. अशा तीन फेऱ्या लागतात; मागच्या कोपऱ्यात काच तिसरीतच पुरती चढते. दुसरी फेरी झाली आणि वारा फिरला. पांढरा, घसा जाळणारा धूर सरळ चर्चच्या दारावर उतरला.

"अहो, वऱ्हाड चर्चला निघतंय. पोरगी खोकत खोकत नवरी व्हायची का?" बायको खालून म्हणाली.

त्याने पुढच्या भोकातून सळईने काच किती चढली ते बघायचं मातीचं नमुन्याचं कडं ओढून काढलं. ते चकाकत होतं. ओटिलियाच्या रांजणांजवळचं मागचं कडं त्याने काढलंच नाही. भोकं लिंपली आणि तो हात धुवायला गेला.

चार दिवसांनी भट्टी उघडली. त्याची भांडी झकास निघाली होती. ओटिलियाचे रांजण मात्र शिळ्या पावाच्या कवचासारखे खरखरीत होते. तिने एकावरून अंगठा फिरवला.

"माझीच माती बिघडली रे. नाहीतर हात," ती म्हणाली.

"होतं असं कधी कधी, काकू," एवढंच लेओनार्ड बोलला आणि आपली भांडी उतरवू लागला.

तीन आठवड्यांनी कळलं, की ओटिलियाने आपली मातीची खाण बुजवून टाकली. नवऱ्याने खणलेली, तीस वर्षांची खाण. तेव्हा तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काकू, माती चांगली होती. मीच तिसरी फेरी टाकली नाही. लग्नात धूर नको म्हणून."

ती बटाटे सोलत होती. सोलता सोलता थांबली.

"विचारलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, थांबव बाबा, पोरीचं लग्न आहे."

"हो."

"आणि मी इतके दिवस स्वतःच्या हातांना शिव्या देत बसले."

दुसऱ्या दिवशी त्याने फावडं घेतलं. अकरा दिवस एकट्याने खणून खाण मोकळी केली. तिने त्याला रोज दुपारी सूप दिलं, पण बोलली मात्र कामापुरतंच.

वसंतात तिने नवे रांजण घडवले. गाडीत गवत अंथरून ते रचले आणि पलीकडच्या गावच्या भट्टीकडे निघाली. वाट लेओनार्डच्या फाटकावरून जात होती. तिने त्याला नेहमीसारखा हात केला. त्यानेही केला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.