फ्लेक्काची फळी आणि मी पितळी खिळा

मित्रांनो, आइसलँडच्या उत्तरेला एका लांबलचक भेगेच्या काठी, काळ्या खडकात गळ्यापर्यंत रुतलेला जो जुना पितळी खिळा दिसतो, तो मी. पलीकडच्या काठावर माझा जुळा भाऊ आहे. आम्हाला भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या स्टेइनुननं बसवलं. भेगेच्या एका बाजूची जमीन अमेरिकेची, दुसरी युरोपची आणि दोन्ही एकमेकींपासून दूर सरकताहेत, हे तिला मोजून दाखवायचं होतं. दर उन्हाळ्यात ती आमच्यामधलं अंतर मोजी. ते किंचित वाढलेलं असे.

"म्हणजे माझ्या मेंढ्या रोज अमेरिकेत चरून येतात म्हण की!" मेंढपाळ केटिल तिला चिडवायचा.

केटिलच्या कळपाची पुढारीण होती फ्लेक्का. धुक्यात, बर्फात ती वाट काढी आणि बाकीच्या निमूट मागे येत. पण भेग ओलांडायला टाकलेली लाकडी फळी जरा हलली की बाई अडून बसत! म्हणून केटिलनं फळीची दोन्ही टोकं तारेनं आम्हा भावांना करकचून आवळायला घेतली.

"चालेल ना गं?" त्यानं स्टेइनुनला विचारलं.

"खुशाल बांध. हे खिळे तसूभरही हलायचे नाहीत," स्टेइनुन म्हणाली.

मी केवढा फुगलो! जमीन सरकते हे जिला पक्कं ठाऊक, तीही त्या दिवशी फक्त खिळ्यांकडे पाहत होती.

शरदात डोंगरावरच्या मेंढ्या घरी आणतात. त्या पहाटे जमीन गुरगुरली. इथं ते कुणी मनावर घेत नाही. काठ दूर ओढले गेले, फळी जेमतेम टेकलेली राहिली, तार तटतटली. मी वाकलो नाही. फ्लेक्का नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे फळीवर आली आणि तार तुटली, फळी काठावरून निसटली. तिच्या गळ्यातली घंटा बराच वेळ खाली जाताना ऐकू येत होती.

दुपारी स्टेइनुन आली, तडक मोजायला बसली. "केटिल! वीतभर! एका झटक्यात वीतभर!" ती आनंदानं ओरडली.

केटिल काठावर पालथा पडून खाली पाहत होता. "झालं मोजून? मग तो दोर दे इकडे. फ्लेक्काला वर काढायचंय."

स्टेइनुननं मोजपट्टी खाली ठेवली. "मीच म्हणाले होते, बांध," ती दोर पुढे करत म्हणाली. केटिलनं दोर घेतला आणि भेगेत सोडला.

आमचं ते माप पुढे फार गाजलं. मुलं मला बघायला येतात, शाबासकी देतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मित्रांनो, जमीन थांबत नाही. कुणाचा जीव तोलणारी तार बांधाल, तेव्हा तिला थोडी ढील ठेवा.