तिसरी धुलाई

चाकणच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दुपारी पेढे वाटले, तेव्हा अर्जुनरावांनी अर्धाच घेतला. बाकीचे खुशीत होते आणि त्याला कारणही होतं. अल्झायमर झालेल्या मेंदूत प्रथिनांचे बारीक गोळे साचतात. माणूस जिवंत असतानाच ते स्कॅनमध्ये दिसावेत, म्हणून फक्त त्या गोळ्यांना चिकटणारं रसायन स्वरूपा मॅडम तीन वर्षं शोधत होत्या. सव्विसावं जमलं होतं. दान मिळालेल्या मेंदूच्या पातळ कापांवर ते लावलं, की सूक्ष्मदर्शकाखाली रोगी कापात ठिपके चमकायचे आणि निरोगी काप काळाकुट्ट दिसायचा.

काप रंगवायचं काम अर्जुनरावांचं. पिंपरीत कापडाच्या रंगांच्या कारखान्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. ही रसायनंही कापडाच्याच एका जुन्या पिवळ्या रंगाच्या कुळातली, म्हणून निवृत्तीनंतर मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"काका, तुमचा हात लागला आणि सव्विसावं पोरगं पास झालं," मॅडमच्या हाताखालचा कामरान म्हणाला. "आता तरी अख्खा खा. कुणाला फिगर दाखवायचीय?"

अर्जुनराव हसले, पण पेढा हातातच राहिला. मघाशी त्यांनी अहवाल चाळला होता. त्यात लिहिलं होतं, काप अल्कोहोलमध्ये दोनदा धुतले. ते तीनदा धुवत होते.

मुद्दाम नव्हे. रंगवलेलं कापड निवळ पाणी येईपर्यंत धुवायचं, नाहीतर माल परत येतो, ही आयुष्यभराची सवय. कापावर जरासा पिवळेपणा दिसला, की हात आपसूक तिसऱ्या भांड्याकडे जायचा. नको तिथं बसलेला रंग त्या तिसऱ्या धुलाईतच निघून जात असेल, म्हणून तर निरोगी काप काळा दिसत नसेल? जिवंत माणसाचा मेंदू अल्कोहोलमध्ये कोण धुणार?

सहाला अहवाल जाणार होता, मग उंदरांवर चाचणी. त्यांची घरी जायची चिखलीची बस साडेपाचला. आपलंच काहीतरी चुकत असेल, एवढी शिकलेली माणसं आहेत, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. बोललो तर मॅडमच्या तीन वर्षांवर पाणी, आणि उद्यापासून आपण घरी. पण नाही बोललो, तर कधीतरी एखाद्या धडधाकट बाईचा स्कॅनही उजळेल आणि घरचे तिच्या हातातून किल्ल्या काढून घेतील.

बस गेल्यावर ते केबिनच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, बहुतेक... मी तीनदा धुतलेत."

"किती काप?"

"सगळे."

"काका, पद्धतीचा कागद तुमच्या डोळ्यांसमोर चिकटवलाय हो!"

"वाचला होता. हातानं ऐकलं नाही."

अहवाल थांबला. नवे काप रंगवले, मोजून दोनदा धुतले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग स्टूल सरकवून अर्जुनरावांना जागा दिली. निरोगी कापही उजळला होता, दुधाळ, सगळीकडे.

"उंदरं वाचली म्हणायची," कामरान हळूच म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "कापडात रंग नको त्या धाग्यावर बसला, तर काय करायचात?"

"रंगच बदलायचो. रेणू तेलकट असला की नको तिथं धरून बसतो. पाण्याकडे ओढणारं टोक जोडलं की सुटतो. म्हणजे, कापडात. इथं सुटेलच असं नाही."

"कुठं जोडाल?"

मॅडमनी कागद पुढं सरकवला. अर्जुनरावांनी पेन्सिल उचलली. रेणूच्या आकृतीत दोन जागा त्यांना बऱ्या वाटत होत्या. कुठली आधी सांगावी, ते ठरेना.