बोट न लावता

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तं घ्याच लागते. नत्थूजी. झालं, घेतलं एकदाचं. यापुढं मी 'हे'च म्हणीन. आमचं घर तांडापेठेत. जातीचे आम्ही कोष्टी, म्हणजे हातमागावर लुगडे विणणारे. अन् या कोष्ट्यानं आपल्या हातानं, तांब्या-पितळेचं, वाफेवर चालणारं, हातभर लांबीचं रेल्वे इंजिन बनवलं. ज्याले खोटं वाटते त्यानं घरी येऊन पाहावं. हातच्या काकणाले आरसा काहाले पाहिजे?

पण इंजिनाच्या आंधी मामाजीचं सांगावं लागते. मामाजी म्हणजे माहे सासरे, नानाजी. त्यायच्या लुगड्याच्या काठावर बोट फिरवून इतवारी बाजारातले दुकानदार सांगत, हे नानाजीचं काम होय म्हणून. मंग पॉवरलूमचं लुगडं बाजारात आलं अन् आमचा माल पडून राहू लागला. पोटाले तं रोज लागते. हे भांड्याच्या कारखान्यात लागले. तिथं पाण्याच्या गुंडाले कडी लावायची, बादलीले कान लावायचे, सांध्याले कथलाचा डाख द्यायचा, एवढंच काम. मामाजीले हे सोसलं नाही. ते माग सोडवून उमरेडले मोठ्या भासऱ्याकडे, यायच्या भावाकडे, घेऊन गेले. जाताना ओसरीत उभं राहून जे बोलले, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"नत्थू, कोष्टी सुताचं लुगडं करते. अख्खी वस्तू करते. तू आता जल्मभर दुसऱ्याच्या भांड्याले कान लावत बसशील. या घरात ज्या दिवशी अख्खी वस्तू तयार होईल, त्या दिवशी मी इथलं पाणी पिईन."

माणूस बोलाचा पक्का. त्यानंतर लगनाले येत, मारबतीच्या सणाले येत, पोराचं तोंड पाहाले आमच्या घरी येऊन बसतही. पण संगं आपल्या पाण्याचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या राहे. मी गिलास पुढं करे, तं "असू दे सूनबाई" म्हणत अन् तांब्याची फिरकी उघडत. ती फिरकी उघडताना जो किरकिर आवाज होये ना, तो मले चापट मारल्यासारखा लागे. हे खाली मान घालून बसत. मले सासऱ्याचा राग येये अन् त्याहून जास्त यायचा, नवऱ्याचा, येये. अरे, काही तं बोला. पण नाही. आमच्या घरचं बोलणं सारं माह्याच वाट्याले आलेलं आहे.

माग गेला, पण मागाचा खड्डा घरातच राह्यला. कोष्टी जमिनीवर बसते, पाय खड्ड्यात सोडते, अन् खाली दोन पावड्या असतात त्या पायानं दाबते. एक पाय खाली गेला की दुसरा वर येते, अन् वर खट-पट, खट-पट माग चालते. माग गेल्यावर लोक खड्डा बुजवून सारवून घेतात. मीही म्हटलं, बुजवा. यायनं बुजवू देल्ला नाही. अन् एक दिवस पाहते तं हे खड्ड्यात पाय सोडून बसले आहेत, मांडीवर पितळेचा तुकडा, हातात कानस.

"काय करून राहिले?"

"इंजिन," म्हणे. "छोट्या लाईनचं."

भजे करून राहिलो म्हटल्यासारखं सांगतलं. मी म्हटलं, गेलं कामातून डोकसं.

मंग दर रविवारी इतवारी स्टेशन. तिथं छोट्या लाईनच्या, अरुंद रुळाच्या, गाड्या उभ्या राहत. यायचं माप घ्यायचं कसं, तं सुतानं. सूत चाकाले लावायचं, गाठ मारायची. दांड्याले लावायचं, गाठ मारायची. लोक हसत. हे गाठीचं सूत हातावर गुंडाळून घरी आणत अन् मंग त्याच्यावरून एकेक सामान बनवत. चाकं ओतवून आणली. दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या खराद मशीनवर घासली. मालक बरा होता, कर म्हणे.

एक दिवस मले म्हणे, "तांब्याचा पत्रा पाहिजे, जाड." अन् नजर कुठं, तं चुलीजवळच्या माह्या घागरीवर. माह्या आईनं लगनात देल्ली घागर. "हात लावून पाहा," म्हटलं. त्यायनं हात लावला नाही अन् विषयही काढला नाही. मंग मामाजी येऊन गेले, ती किरकिर झाली, अन् मीच उठली. घागर रिकामी केली, घासली अन् यायच्या पुढ्यात खड्ड्याच्या काठावर नेऊन ठेवली. "घ्या," म्हटलं, "पण आता ते इंजिन चाललं नाही तं मी माहेरी चालली."

घागरीचं पोट कापून त्यायनं इंजिनाचं पोट केलं. आत नळ्या, खाली स्पिरिटची बत्ती, वर धुराडं, समोर दिवा, ड्रायवरच्या खोलीले छत, छताले पाणी जायची पत्र्याची पन्हाळही. लई बारीक काम. लुगड्याचा काठ विणणारा हात होता, तो लपते कुठं?

खड्ड्याच्या भवताल रूळ टाकले. बत्ती पेटवली, वाफ धरली, चावी उघडली. इंजिन जागचं हाललं नाही. यायनं मांगून बोटानं जरासं ढकललं, अन् निघालं ना बापा. खट-पट, खट-पट. तोच आवाज, मागाचा. मले रडू आलं. पण गोल फिरून आलं, थांबलं, अन् पुन्हा उठेना. बोट लावलं की चाले. कधी बोटाशिवाय निघे, कधी जागीच मरून पडे. सारं खोलून पाह्यलं, तेल घातलं, वाफ वाढवली. इंजिनाले काही बोट सुटेना.

अन् शेजारच्या मैनाबाईच्या पोरीचं लगन तोंडावर आलेलं. मामाजी येणार होते.

मी म्हटलं, "त्यात काय मोठं? मामाजी पाहतील चाकाकडं, तुम्ही मांगून हळूच बोट लावा. कोणाले दिसते?"

हा माणूस माह्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "बोट लावून चालते ते खेळणं होय, अनुसया. अख्खी वस्तू नोहे. बाबाले दिसो का न दिसो, मले दिसते ना."

मले राग आला होता, पण खरं सांगते, छाती भरूनही आली होती. त्या दिवशीच मले वाटलं, हा माणूस आता हरायचा नाही.

उत्तर सापडलं ते मले, अन् सापडलं रिक्षात. लगनाचं सामान घेऊन मी अन् मैनाबाई सायकलरिक्षानं येऊन राहिलो होतो. पुलाच्या चढावर गाय आडवी आली, रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. गाय गेली. तो पायडलवर उभा राह्यला, सारं अंग टाकलं, पण रिक्षा हालेना. मी वाकून पाह्यलं. एक पायडल ठेट वर, एक ठेट खाली. वरच्यावर कितीही उभा राहा, चाक फिरतच नाही. बिचारा उतरला, जरा मांग सरकवली, पायडल पुढं आणलं, मंग निघाली. मैनाबाई लुगड्यायच्या किमतीचं बोलून राहिली होती. माह्या कानात काही शिरेना.

घरी आली तशी यायच्या पुढं बसली. "तुमच्या इंजिनाचा एका बाजूचा दांडा वर असते तवा दुसऱ्या बाजूचा कुठं असते?"

"खाली," म्हणे. "अजून कुठं असंल?"

"काहून खाली?"

"एक पाय वर तं दुसरा खालीच असते ना वं."

मी खड्ड्याकडं बोट केलं. "ह्या पावड्यायच्या हिशोबानं लावलं ना तुम्ही?"

हे खड्ड्याकडं पाहतच राह्यले. इंजिन सारं सुतानं मोजून आणलं होतं, पण एक गोष्ट मोजता येतच नव्हती. उभ्या इंजिनाची एकच बाजू दिसते. इकडची बाजू एका रविवारी मोजली, तिकडची दुसऱ्या रविवारी. दोन्हीकडचे दांडे एकाच वेळी कुठं असतात, हे पाह्यलंच नाही. विचारलंही नाही. जे जल्मापासून पायाले माहीत आहे, ते कोणी विचारते का? इंजिनाले कोष्ट्याचे पाय लावून देल्ले होते आमच्या येड्यानं.

मी रिक्षाचं सांगतलं, दोन्ही पायडल एकदमच मरतात ते. सांगणं पुरं व्हायच्या आंधी हे पायात चपला घालून उभे.

इतवारी स्टेशनावर छोटं इंजिन मालाचे डबे लावून राहिलं होतं. थांबलं तसे हे एका बाजूले गेले, मी रूळ ओलांडून दुसऱ्या बाजूले. मधात इंजिन, दोघं एकमेकाले दिसत नाही.

"माहा दांडा खाली आहे," हे तिकडून ओरडले.

"माहा मांगं आहे," मी म्हटलं.

इंजिन जरा सरकलं अन् पुन्हा थांबलं.

"आता माहा मांगं."

"माहा वर."

पुन्हा सरकलं, पुन्हा ओरडलो. कधीच एक वर अन् एक खाली सापडलं नाही. दरवेळी पाव चाकाचा फरक. हमाल काम सोडून उभे राह्यले होते. चार लोकात नवऱ्याच्या नावानं बोंबलणारी बाई त्यायनं पाह्यली नसंल. ड्रायवर आनंदराव खिडकीतून वाकला, काय भानगड होय म्हणे. म्या सांगतलं.

"बाई," तो म्हणे, "एका बाजूचा मेला तवा दुसऱ्या बाजूचा जिता पाहिजे. नाही तं मी काय उतरून धक्का मारू?"

म्या फिरून येऊन यायच्याकडं पाह्यलं. यायनं माह्याकडं नाही, चाकाकडं पाह्यलं. असे आमचे हे.

घरी येऊन एका बाजूच्या चाकायचा डाख सोडवला, पाव चाक फिरवून पुन्हा डाख देल्ला. त्यानंतर इंजिनाले मीही बोट लावलं नाही, पुसालेही नाही.

लगनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी आले. हातात काठी, काखेत तांब्या. ओसरीत बसाले लागले तं म्या म्हटलं, "मामाजी, आतमधी चला."

खड्ड्यापाशी येऊन ते उभे राह्यले. भरून टाकला असंल असं त्यायले वाटलं होतं. यायनं बत्ती पेटवली, वाफ धरली, चावी उघडली, अन् लगेच दोन्ही हात मांगं बांधून भिंतीशी जाऊन उभे राह्यले. इंजिन आपल्या मनानं निघालं.

मामाजी कान देऊन ऐकत होते. "हा मागाचा आवाज नोहे," म्हणे. "मागाचे दोन ठोके असतात. हे चार होय."

 हे सरळ बोलले. "होय, बाबा. इंजिनाचे चारच असतात."

मामाजीनं काठी रुळावर आडवी धरली. इंजिन काठीले येऊन टेकलं अन् थांबलं. काठी उचलली, निघालं. अर्ध्या वळणावर पुन्हा धरली, पुन्हा उचलली, निघालं. म्हातारा असा खवट, जागा बदलून-बदलून अडवून राहिला. इंजिन एकदाही अडून बसलं नाही. मामाजीनं मांगं वळून पोराच्या हाताकडं पाह्यलं. हात पाठीमांगंच होते.

"कोणं शिकवलं गा तुले?"

"थोडं तुम्ही, थोडं हिनं," हे म्हणे. "तुमचं शिकवलेलं इथं चुकलं, ते हिनं काढलं."

बापासमोर इतकं बोललेले हे मी पहिल्यांदा ऐकले. मी पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, हसू आवरत होती.

इंजिन मंद झालं अन् थांबलं. "काय झालं?" मामाजीनं विचारलं.

"पाणी संपलं, बाबा." यायनं बत्ती विझवली. "जरा थंडं होऊ द्या, मंग भरतो."

मामाजी चुलीकडं पाहून म्हणे, "सूनबाई, तुह्या माहेरची घागर दिसत नाही."

"आतापर्यंत तुमच्यापुढं तीच तं फिरून राहिली होती, मामाजी."

म्हातारा हसला. इंजिनाच्या पोटावरून हात फिरवला, लुगड्याच्या काठावरून फिरवत तसाच. मी पाणी आणाले उठली, तं म्हणे, "थांब." काखेतला तांब्या काढला. फिरकी किरकिरली. इंजिनाचं भोक यायनं उघडून देल्लं अन् मामाजीनं उमरेडवरून आणलेलं आपलं पाणी धार धरून त्यात ओतलं, सारं. तांब्या उपडा करून झटकला. बत्ती पुन्हा लागली, वाफ धरली, अन् इंजिन निघालं.

मामाजीनं रिकामा तांब्या माह्यापुढं केला. "हा भरून आण, सूनबाई. तहान लागली."

म्या माठातलं पाणी भरलं. सवयीनं फिरकी लावाले गेली, तं म्हणे, "राहू दे, उघडाच दे." खड्ड्यात पाय सोडून ते पोराच्या बाजूले बसले अन् पाणी पेले.